अर्धपोटी शरीराचा हिशेब

'फाका' हा शब्द तुम्ही घरी ऐकला असेल. तो मराठीतही आहे. एखाद्याच्या घरी खायला काही नसले, की 'त्यांना फाके पडले' असे म्हणतात. पण अगदी उपाशी राहणे वेगळे आणि महिनोन्‌महिने अर्धपोटी राहणे वेगळे. अर्धपोटी माणसाच्या पोटात काहीतरी जात असते. म्हणून त्याचे नुकसान लवकर कोणाच्या लक्षात येत नाही. ते नुकसान कसे होते, हे आपण या पाठात पाहू.

अन्नातून मिळणारी शक्ती कॅलरीत मोजतात. शंभर ग्रॅम कोरड्या तांदळातून सुमारे ३५० कॅलरी मिळतात. ही शक्ती कशासाठी लागते? लोणावळ्याजवळच्या औंढे गावाचे उदाहरण घ्या. मावळात पावसाळ्यात भाताची लावणी चालते. लावणी करणाऱ्या बायका भर पावसात, चिखलात, दिवसभर वाकून काम करतात. या कामाला शक्ती लागते, हे उघड आहे. पण त्या रात्री झोपतात, तेव्हाही हृदय धडधडत असते, श्वास चालू असतो, अंगाची ऊब टिकवावी लागते. म्हणजे झोपेतही शक्ती खर्च होतच असते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली या गरजेचे आकडे दिले आहेत. मध्यम श्रमाचे काम करणाऱ्या स्त्रीला रोज सुमारे २१३० कॅलरी लागतात. खूप कष्टाचे काम करणाऱ्या पुरुषाला सुमारे ३४७० लागतात. आता तुमचा आकडा पाहा. तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीला सुमारे २४०० आणि मुलाला सुमारे २८६० कॅलरी हव्यात. मध्यम श्रम करणाऱ्या आईपेक्षा तिच्या शाळकरी मुलीला जास्त! कारण मुलीचे शरीर अजून वाढत असते.

इतके अन्न मिळाले नाही तर काय होते? १८७६ ते १८७८ या काळात दख्खनमध्ये मोठा दुष्काळ पडला होता. सरकारने खडी फोडणे, रस्ते बांधणे अशी कामे काढली. १८७७ साली सर रिचर्ड टेंपल या अधिकाऱ्याच्या सल्ल्याने मजुरी कमी करण्यात आली. दिवसभर राबणाऱ्या पुरुषाला एक पौंड धान्याएवढे पैसे आणि वर अर्धा आणा मिळू लागला. एक पौंड म्हणजे सुमारे ४५० ग्रॅम. त्यातून मिळतात सुमारे १६०० कॅलरी. गरजेच्या निम्म्यासुद्धा नाहीत! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी कामे सोडली. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. मद्रास इलाख्याचे आरोग्य अधिकारी डॉ. कॉर्निश यांनीही सांगितले, की एवढ्या अन्नावर मजूर जगणार नाही.

ते खरे बोलत होते, हे पुढे प्रयोगाने सिद्ध झाले. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर एक प्रयोग केला. हे तरुण स्वतःहून पुढे आले होते. चोवीस आठवडे त्यांना रोज सुमारे १६०० कॅलरी देण्यात आल्या. टेंपलच्या एक पौंड धान्यातून मिळत होत्या, जवळजवळ तेवढ्याच! त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. नाडी मंद झाली. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली. चक्कर येई, पाय सुजत, केस गळत. ते चिडचिडे झाले. अभ्यासात मन लागेना. डोक्यात रात्रंदिवस फक्त जेवणाचे विचार!

असे का होते? मिळकत घटली, की घरातला कर्ता माणूस खर्च कमी करतो. शरीरही तसेच करते. आधी यकृतातली साखर संपते. ती जेमतेम एक दिवस पुरते. मग चरबी वापरली जाते आणि तिच्याबरोबर स्नायूही झिजतात. हृदय हासुद्धा एक स्नायूच आहे, हे विसरू नका. अंगाची ऊब कमी होते. रोगाशी लढण्याची ताकद घटते. वाढत्या वयात उंची खुंटते आणि मुलींची मासिक पाळी थांबू शकते.

तुम्ही विचाराल, 'मग रोज्याचे काय?' निरोगी माणूस रोजा ठेवतो तेव्हा जेवणाची वेळ बदलते. सहरी आणि इफ्तारला नीट खाल्ले, तर दिवसाची गरज भरून निघते. अर्धपोटी माणसाची गरज मात्र कधीच भरून निघत नाही.

या अनुभवांतून समाज शिकला. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर सुकडी वाटली गेली. सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेत मिळणाऱ्या जेवणात ७०० कॅलरी असाव्यात, असा नियम आहे.

पण काही उपासमार नियमांनी मिटत नाही. कोणी बारीक दिसण्यासाठी जेवण सोडते. काही घरांत मुली सगळ्यांच्या शेवटी जेवतात आणि उरलेले खातात. तुमच्या घरी आज शेवटी कोण जेवले आणि तिच्या ताटात काय उरले होते, ते पाहा. सकाळी न खाता शाळेला येऊ नका. भाकरी, डाळ, भात, भाजी, शेंगदाणे, गूळ हे साधे अन्नही पोटभर मिळाले, तर बरेच काम होते. फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला मात्र एकदम भरपूर वाढू नका. त्याने त्याच्या जिवाला धोका होतो. डॉक्टरांना विचारून थोडे थोडे द्या.

हिशेबाच्या वहीत कमी पडलेले पैसे पुढच्या महिन्यात भरता येतात. वाढीच्या वयात कमी पडलेले अन्न पुढे पूर्णपणे भरून काढता येईलच, असे नाही.