साखर किती आली, हे कितीदा विचारायचं?

ग्लुकोमीटरच्या खोक्यात बारीक अक्षरांत छापलेला, बऱ्याच घड्या घातलेला एक कागद येतो. घरात तो सहसा कुणी वाचत नाही. यंत्र किती अचूक आहे याचा तक्ता त्या कागदावर असतो आणि त्यामागे असतं आयएसओ १५१९७ हे आंतरराष्ट्रीय मानक. त्याची २०१३ सालची आवृत्ती असं सांगते: रक्तातली साखर १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त असेल, तर शंभरातली ९५ उत्तरं प्रयोगशाळेच्या उत्तराच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे बसली पाहिजेत. साखर शंभरच्या खाली असेल, तर १५ मिलिग्रॅम अलीकडे-पलीकडे. म्हणजे खरी साखर १४० असताना यंत्राने ११९ दाखवली काय किंवा १६१ दाखवली काय, यंत्र परीक्षेत पास. उरलेली पाच उत्तरं याच्याही बाहेर गेली तरी चालतं.

आता ज्या घरात वडील, काकू किंवा सासूबाई दिवसातून सात-आठ वेळा बोट टोचतात, ते घर डोळ्यांसमोर आणा. उठल्याउठल्या एकदा, चहानंतर एकदा, जेवणानंतर दोन तासांनी, मग ‘जरा गरगरल्यासारखं झालं’ म्हणून, आणि झोपताना शेवटची. वहीत तारीखवार नोंदी, जास्त आलेल्या आकड्याभोवती लाल गोल. सकाळी १३२ आली म्हणून दहा मिनिटांनी दुसऱ्या बोटातून पुन्हा, तर ११८. यातली खरी कोणती? खरी साखर १२५ असेल तर यंत्राच्या हिशेबाने दोन्ही बरोबर. पण वहीत एक आकडा ‘वाईट’ म्हणून जातो, एक ‘बरा’ म्हणून, आणि त्यावर त्या दिवशीचा घरातला मूड ठरतो.

यंत्राखेरीज बोटही फसवतं. जपानमधल्या संशोधकांनी २०११ साली निरोगी माणसांना संत्री, द्राक्षं आणि किवी सोलायला लावून त्याच बोटांची साखर मोजली. ती भलतीच जास्त आली. स्पिरिटचा बोळा फिरवूनही ती उतरली नाही. नळाखाली हात धुतल्यावर मात्र आकडा ठिकाणावर आला. आंब्याच्या दिवसांत हे ध्यानात ठेवलेलं बरं. रक्त कमी असलेल्या माणसात काही यंत्रं साखर जास्त दाखवतात. पट्ट्यांची डबी उघडी राहून पावसाळ्याची दमट हवा आत गेली तरी पट्ट्या बिघडतात.

शिवाय साखर स्वतःही स्थिर नसते. रात्री साडेसातला जेवून काहीही न खाता झोपलेल्या माणसाची सकाळची साखर चढलेली दिसते, कारण पहाटे कॉर्टिसॉल आणि वाढीची संप्रेरकं वाढतात आणि यकृत साठवणीतली साखर रक्तात सोडतं. ‘काल तर भातही खाल्ला नव्हता’ ही तक्रार इथून येते. काळजीनेही हेच होतं. घाबरलेल्या शरीरात अ‍ॅड्रेनलिन वाढतं आणि यकृताला साखर सोडायचा निरोप जातो. किती चढेल ते माणसागणिक वेगळं. पण आकड्याच्या धसक्याने आकडा वाढू शकतो, हे मात्र खरं.

याची उलटी बाजू जास्त गोंधळाची आहे. साखर ७० च्या खाली गेली की घाम फुटतो, हात थरथरतात, छाती धडधडते, पोटात खड्डा पडतो. यातली थरथर आणि धडधड घडवून आणणारं रसायनही मुख्यतः अ‍ॅड्रेनलिनच. म्हणजे भीतीचा झटका आणि उतरलेली साखर आतून जवळजवळ सारखीच जाणवते. चिंता करणारा माणूस धडधड झाली की चमचाभर साखर तोंडात टाकतो, तासाभराने मोजतो, आकडा चढलेला असतो, आणि नवी धडधड सुरू होते.

आपल्या आजोबांच्या पिढीला घरी रक्तातली साखर मोजायची ही सोयच नव्हती. तेव्हा लघवी निळ्या बेनेडिक्ट द्रावणात घालून उकळायची आणि रंग पाहायचा: निळा राहिला तर ठीक, हिरवा-पिवळा म्हणजे थोडी साखर, विटेसारखा तांबडा म्हणजे भरपूर. घरी रक्तातली साखर मोजण्याची वाट पाडणाऱ्यांत रिचर्ड बर्नस्टीन हे नाव ठळक आहे. ते अमेरिकेतले इंजिनियर, लहानपणापासून टाइप १ मधुमेही. १९६९ साली एका कंपनीने दीडेक किलो वजनाचं, ६५० डॉलरचं यंत्र काढलं होतं, पण ते फक्त डॉक्टरांना आणि रुग्णालयांना मिळे. बर्नस्टीन यांची पत्नी डॉक्टर होती, म्हणून तिच्या नावाने ते घेतलं. दिवसातून अनेकदा साखर मोजून त्याप्रमाणे इन्सुलिन बदलता येतं, हे त्यांनी स्वतःवर करून दाखवलं आणि पुढे चाळिशीत वैद्यकीय शिक्षण घेऊन ते डॉक्टर झाले. यातली मेख ही की त्यांच्या प्रत्येक आकड्यानंतर काहीतरी करण्यासारखं होतं. आकडा बघायचा, इन्सुलिनची मात्रा ठरवायची.

फक्त मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्या निवृत्त माणसाला दुपारी चारला १५२ आली, तर त्याने काय करायचं? काहीच नाही. हाच प्रश्न संशोधकांनीही तपासला. उत्तर आयर्लंडमध्ये नुकताच टाइप २ मधुमेह निघालेल्या १८४ जणांपैकी काहींना घरी साखर मोजायला दिली, काहींना नाही. २००८ साली निष्कर्ष छापून आले. वर्षभराने दोन्ही गटांची एचबीए१सी, म्हणजे आपण जिला ‘तीन महिन्यांची’ म्हणतो ती, सारखीच होती. फरक पडला तो मोजणाऱ्यांच्या मनःस्थितीत: नैराश्याच्या मोजपट्टीवर ते ६ टक्के वर होते. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात इन्सुलिन न घेणाऱ्या ४५० जणांवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही रोज मोजणारे आणि न मोजणारे वर्षाअखेरीस एकाच पातळीवर होते. एचबीए१सी तांबड्या पेशींना चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. दर तासाला खिडकीतून हात बाहेर काढून हंगामात पाऊस किती झाला ते कळत नाही, तसंच इथे.

मग हे सगळं सतत बोट टोचणाऱ्या वडिलांना वाचून दाखवलं की झालं? माझ्या मते इथेच बहुतेक शिकलेली मुलं चुकतात. काळजीने ग्रासलेल्या माणसाला यंत्र १५ टक्के इकडे-तिकडे जातं हे सांगितलं, तर त्याच्या हाती पुन्हा मोजायला नवं कारण येतं. ‘मग मगाचची चुकली असेल.’ माहितीने अज्ञान जातं, शंका जातेच असं नाही.

नेदरलँड्समधले मार्सेल व्हान डेन हाउट आणि मेरेल किंट यांनी २००३ साली याचं एक सुंदर प्रात्यक्षिक दिलं. निरोगी माणसांना संगणकावरची गॅसची शेगडी बंद करून ती नीट बंद झाली का, हे पुनःपुन्हा तपासायला लावलं. शेवटी त्यांची आठवण बरोबरच होती, पण ती धूसर झाली आणि तिच्यावरचा विश्वास उडाला. तपासण्याने खात्री घटली. ग्लुकोमीटर आकडा लक्षात ठेवतो, तरी शंका दुसरीकडून शिरते: हात धुतला होता का, थेंब पुरला का, पट्टी जुनी नाही ना? बोट टोचल्यावर पाच मिनिटं बरं वाटतं, आणि त्या पाच मिनिटांसाठी पुन्हा टोचावंसं वाटतं.

त्यात संख्याशास्त्राची एक खोडी भर घालते. खूप चढलेल्या आकड्यानंतरचा आकडा बहुधा खालीच येतो, कारण टोकाची मोजमापं आपोआप सरासरीकडे सरकतात. मधल्या वेळात कारल्याचा रस घेतला असेल तर श्रेय रसाला. जांभळाच्या बियांची पूड घेतली असेल तर तिला. काही घेतलं नसेल तर ‘लगेच तपासलं म्हणून बरं झालं’ असं म्हणून श्रेय तपासण्याला.

घरचे या चक्रात नकळत सामील असतात. कुणी पट्ट्या आणून देतं, कुणी वही भरतं, दर वेळी कुणीतरी ‘नॉर्मल आहे हो’ म्हणतं. अमेरिकेतल्या मुलीच्या फोनवर तिच्या पहाटे मीटरचा फोटो येतो आणि ती अर्धवट झोपेत अंगठा टाकते. प्रत्येक दिलासा पुढच्या विचारणेची वेळ अलीकडे आणतो. दुसरं टोक म्हणजे वैतागून मीटर कपाटात कुलूपबंद करणं किंवा ‘तुम्हाला वेड लागलंय’ म्हणणं. त्याने माणूस मोजायचं थांबवत नाही, लपून मोजतो.

येल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एली लेबोविट्झ यांनी चिंताग्रस्त मुलांच्या फक्त आईवडिलांना शिकवायचा एक कार्यक्रम तयार केला. मुलाच्या भीतीला खतपाणी घालणाऱ्या सवयी पालकांनी हळूहळू सोडायच्या. २०१९ सालच्या चाचणीत त्याचा परिणाम मुलांना थेट दिलेल्या मानसोपचाराच्या तोडीचा निघाला. सत्तरीतल्या वडिलांना तो जसाच्या तसा लागू होणार नाही. पण त्यातली बोलण्याची रीत घेण्यासारखी आहे: त्रास मान्य करायचा, आणि तो सोसायची ताकद त्याच माणसात आहे असा भरवसा दाखवायचा. ‘बाबा, तुम्हाला भीती वाटतेय हे दिसतंय मला. ठरलेली तपासणी संध्याकाळची आहे, तोवर तुम्ही काढाल. चला, खाली एक फेरी मारू.’ आकडा सांगितलाच, तर त्यावर मत द्यायचं नाही. आणि हे सगळं आधी त्यांच्याशी बसून ठरवलेलं हवं. त्यांच्या नकळत सुरू केलं तर तो त्यांना कट वाटेल. पहिले काही दिवस चिडचिड वाढते, तेवढी तयारी ठेवावी.

दंडावर लावायचे सेन्सर आल्यापासून हा प्रश्न अवघड झाला आहे. आता बोट टोचायचीही गरज नाही, फोन उघडला की आलेख. सेन्सर त्वचेखालच्या द्रवातली साखर मोजतो, ती रक्ताच्या काही मिनिटं मागे असते, आणि दंडावर झोपलं तर तो खोटी कमी साखर दाखवतो. इन्सुलिन घेणाऱ्यांना त्याने मोठा आधार दिला आहे. नुसत्या काळजीपोटी लावणाऱ्याला मात्र तो पहाटे तीनला उठवतो.

मोजूच नये असा याचा अर्थ नाही. इन्सुलिनवर असणाऱ्यांनी, तसंच ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइडसारख्या, साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टर सांगतील तेवढं मोजलंच पाहिजे. आपल्याकडे मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड एकाच गोळीत सर्रास दिलं जातं, म्हणून आधी गोळीच्या पाकिटावरचं नाव वाचा. मग डॉक्टरांकडे जाताना वहीसोबत एक मागणी न्या: गोळ्यांच्या वेळा लिहिता तशा तपासणीच्या वेळाही कागदावर लिहून द्या. आठवड्यातून कोणते वार, जेवणाआधी की नंतर, आणि कोणता आकडा आला की फोन करायचा. एवढं असूनही हात मीटरकडे जातच राहिला, झोप उडाली, जेवण तुटलं, तर मानसोपचारतज्ज्ञाला दाखवायला हवं. या चिंतेवर वर्तन-उपचारांचा आणि औषधांचा चांगला उपयोग होतो.

आणि इन्सुलिन किंवा साखर फार खाली नेऊ शकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याची साखर खरोखरच ७० च्या खाली आली, तर वादावादी नको. शुद्धीत असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. ही दुसरी तपासणी चुकवायची नाही.