वणवा दिसला तर वर पळू नका!

मार्च उजाडला की सह्याद्रीचे माळ सोनेरी होतात. फोटोला झकास, पण ते गुडघाभर वाळलेलं गवत म्हणजे निव्वळ सरपण.

वणवा चढावर जास्त जोरात धावतो. ज्वाळा उताराकडे झुकतात, त्यामुळे वरचं गवत आग पोचायच्या आधीच तापून बसतं. ढोबळ हिशेब असा की उतार १० अंशांनी वाढला की वेग साधारण दुप्पट. त्यात दुपारचा वाराही दरीतून वरच येतो. म्हणून खाली धूर दिसला तर वर पळू नका, घळीत तर मुळीच शिरू नका. आडवे सरका, उघडा कातळ किंवा आधीच जळून गेलेला काळा पट्टा गाठा. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूतल्या कुरंगणीच्या डोंगरात वणव्यात सापडून वीसहून जास्त जणांचा जीव गेला.

आपल्याकडचे बहुतेक वणवे माणूसच लावतो. विडीचं थोटूक, अर्धवट विझवलेली चूल, नाहीतर ‘जाळलं की गवत जोमानं येतं’ हा चिवट समज (यावर कितीही वाद घाला!). टिटवी, लावे जमिनीवरच अंडी घालतात. ती जागच्या जागी भाजतात.

आग दिसली तर वन विभागाचा १९२६ नंबर फिरवा. जवळचं गाव आणि डोंगराची नेमकी बाजू सांगा, नुसतं ‘किल्ल्याजवळ’ नको.