सातबाऱ्यावरचं नाव आणि सोळा हजार पौंडांची रेघ

"गावच्या सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. ते इथे सांगायचं का?" ब्रिटनमधल्या मराठी घरांत हा प्रश्न बहुतेक वेळा हळू आवाजात विचारला जातो. नोकरी जाते, आजारपण येतं, संसार मोडतो किंवा पगारच पुरत नाही, आणि मग युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज समोर येतो. त्यातला "तुमच्याकडे किती भांडवल आहे?" हा प्रश्न दिसायला साधा, पण आपल्यासारख्यांसाठी सर्वांत अवघड. पॉडकास्टच्या या भागात त्याला नुसता हात लावला होता. इथे जरा खोलात जाऊ.

आधी एक खुलासा: ज्यांच्या व्हिसावर सार्वजनिक निधीचा लाभ न घेण्याची अट आहे, त्यांना हा भत्ता मागता येत नाही. त्यामुळे पुढचं सगळं मुख्यतः कायम वास्तव्याचा परवाना किंवा नागरिकत्व मिळालेल्यांसाठी आहे.

रेघ कुठे आहे?

भांडवल १६,००० पौंडांच्या वर गेलं की भत्ता बंद. एकटं माणूस असो वा जोडपं, रेघ एकच. युनिव्हर्सल क्रेडिट २०१३ मध्ये आलं, पण ही मर्यादा आधीच्या भत्त्यांसाठी २००६ मध्ये ठरलेली. महागाई कुठच्या कुठे गेली, आकडा तोच राहिला.

६,००० पौंडांपर्यंतची बचत मोजत नाहीत. त्यावरच्या दर २५० पौंडांमागे (उरलेल्या तुकड्यालाही पूर्ण धरून) महिन्याला ४.३५ पौंड उत्पन्न मिळतं असं मानतात. म्हणजे ९,१०० पौंड असतील तर वरचे ३,१००, त्याचे १३ भाग, आणि भत्त्यातून दरमहा ५६.५५ पौंड वजा. बँक प्रत्यक्षात किती व्याज देते, याच्याशी त्याचा संबंध नाही.

अंगावरचे दागिने आणि घरातल्या वापराच्या वस्तू भांडवलात येत नाहीत. आयुर्विम्याची पॉलिसीही येत नाही, पण मुदत संपून पैसे खात्यात आले की ते येतात. भारतातल्या मुदत ठेवी आणि म्युच्युअल फंडही अर्थातच धरले जातात.

स्वतःची कंपनी असेल तर

आयटीत कंत्राटावर काम करणारे बरेच जण स्वतःची लिमिटेड कंपनी काढतात आणि पगार नावापुरता घेतात. कराच्या हिशेबात ते चालतं, इथे चालत नाही. कंपनी म्हणजे प्रत्यक्षात तुम्ही एकटेच असाल, तर तिचं उत्पन्न तुमचंच धरतात. धंद्याच्या वापरातली मालमत्ता मात्र भांडवलातून वगळतात. शिवाय धंद्याचं पहिलं वर्ष उलटलं की साधारणपणे किमान वेतनावर बेतलेलं एक ठरावीक उत्पन्न गृहीत धरतात, मग त्या महिन्यात गल्ला रिकामा का असेना.

गावची जमीन

समजा, लेस्टरमधल्या एका बाईंचे वडील वारले. हिंदू कुटुंब, इच्छापत्र नाही. मागे बहात्तर वर्षांची आई, दोन भाऊ आणि ह्या. वडिलांनी स्वतः घेतलेलं घर आणि चार एकर जमीन. वारसा कायद्याप्रमाणे प्रत्येकाचा चौथा हिस्सा. फेरफार अजून झालेला नाही, बाईंचं नाव सातबाऱ्यावर चढलेलं नाही. मग त्यांचं काही नाही, असं म्हणता येईल का?

नाही. सातबारा हा महसुली नोंदीचा उतारा आहे, मालकीचा शेवटचा शब्द नव्हे. नाव नसलं तरी हिस्सा असू शकतो. उलट नुसतं नाव आहे म्हणून हिस्सा आहेच असंही नाही. ब्रिटिश नियम विचारतो तो प्रश्न वेगळा: खरा हक्क कुणाचा, आणि तो विकला तर आज काय येईल?

घराचं उत्तर सोपं आहे. जवळचं नातेवाईक (इथे आई) पेन्शनच्या वयाचं असेल आणि ते त्याचं राहतं घर असेल, तर बाईंचा त्यातला हिस्सा धरत नाहीत.

जमीन मात्र धरतात. "भारतातले पैसे इथे आणता येत नाहीत" ही सबब टिकत नाही, कारण अनिवासी भारतीयांना वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. म्हणून किंमत भारतातल्या बाजाराचीच. त्यातून विक्रीखर्चापोटी १० टक्के आणि जमिनीवरचं तारण कर्ज वजा होतं.

पण खरी मेख पुढे आहे. संपूर्ण जमिनीच्या किमतीला चाराने भागून थांबायचं नसतं. मोजायची असते ती बाईंच्या *अविभक्त हिश्श्याची* किंमत. वाटणी न झालेला, भाऊ कसत असलेला चौथा हिस्सा बाहेरचा माणूस कितीला घेईल? त्यात महाराष्ट्रात शेतजमीन सहसा शेतकऱ्यालाच घेता येते. गिऱ्हाईक कमी, भांडण विकत घेण्याची तयारी त्याहून कमी. त्यामुळे हा आकडा सरळ भागाकारापेक्षा बराच खाली येऊ शकतो. कधी कधी रेघेच्या या बाजूला राहायचं की त्या, हे यावरच ठरतं. पण ते सिद्ध करायला स्थानिक मूल्यांकनकाराचं पत्र लागतं. नुसतं "गावाकडे कोण घेतंय" म्हणून भागत नाही.

हक्कसोडपत्राचा पेच

आपल्याकडे बहिणीने भावांच्या नावे हक्कसोडपत्र करून देणं ही जवळजवळ रीतच. नाही केलं तर माहेर तुटतं, असं सांगणारेही असतात. ब्रिटिश नियम याच्याकडे संशयाने पाहू शकतो. भत्ता मिळावा किंवा वाढावा या हेतूने मालमत्ता सोडली असं ठरलं, तर ती अजून तुमच्याकडेच आहे असं धरतात. म्हणजे जमीनही गेली आणि भत्ताही.

इथे हेतू महत्त्वाचा, आणि हेतू बऱ्याचदा तारखेतून दिसतो. चांगला पगार चालू असताना, दहा वर्षांपूर्वी दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेलं पत्र असेल तर शंकेला फार जागा नाही. अर्जाच्या दोन महिने आधी सही केली असेल, तर कारण पटवून द्यावं लागेल. म्हणून नोकरी गेल्यानंतर भावाचा फोन आला, तर सही करण्याआधी सल्ला घ्या. सिटिझन्स ॲडव्हाइसमध्ये तो फुकट मिळतो.

मग करायचं काय?

सांगायचं. सातबारा, फेरफार, वारसनोंद, मूल्यांकन आणि त्यांचं इंग्रजी भाषांतर एका फाइलीत ठेवून सांगायचं. युनिव्हर्सल क्रेडिटमध्ये जास्त दिलेली रक्कम चूक कुणाचीही असली तरी वसूल करता येते. कित्येक वर्षांनी एकदम आलेली ती वसुली माणसाला गरिबीपेक्षाही जास्त खचवते. निर्णय चुकीचा वाटला, तर साधारण एका महिन्याच्या आत फेरविचार मागता येतो, आणि तिथेही नाही जमलं तर न्यायाधिकरणात जाता येतं.

"आमचं सगळं एकत्रच आहे" हे वाक्य आपल्याकडे प्रेमाने म्हटलं जातं. अर्ज तपासणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही. एकत्र असलेल्यात तुमचं नेमकं किती, हे तुम्ही कागदावर दाखवलं नाही, तर तो आकडा दुसरं कुणीतरी ठरवेल.