लाकूड पावसाने कुजत नाही

मृग तोंडावर आला की नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर, हदगाव, किनवटच्या रंगाच्या दुकानांत एक मागणी हमखास येते: दाराला पाणीच लागणार नाही असे काहीतरी द्या. मग ऑइलपेंटचा डबा निघतो, किंवा ऐपत असेल तर वॉटरप्रूफ म्हणून विकले जाणारे महागडे वार्निश. दोन हात मारले की दार चकचकीत दिसते. दोन-तीन उन्हाळ्यांत त्याचे पापुद्रे सुटू लागतात, आणि उंबऱ्याजवळ चौकटीत स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला तर तो सहज आत जातो. कोणी रंगाच्या कंपनीला बोल लावतो, कोणी सुताराला. खरे तर मागणीच चुकलेली असते. उघड्यावरच्या लाकडाला पाणी लागूच न देणे फारसे शक्य नसते आणि तेवढे गरजेचेही नसते. लागलेले पाणी वेळेत वाळून गेले की लाकडाचे भागते. आणि आपले बरेचसे वॉटरप्रूफिंग नेमके ते वाळणेच बंद करून टाकते.

कुजवण्याचे काम पाणी करत नाही, बुरशी करते. लाकूड हे तिचे अन्न, पण ते खायला तिला ओल आणि हवा दोन्ही लागतात. कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानाने त्यातले पाणी 20 टक्क्यांच्या खाली असेल तर तिचे काही चालत नाही. कायम पाण्याखाली राहिलेल्या लाकडातही तिचे फारसे चालत नाही, कारण तिथे हवा नसते. व्हेनिसच्या इमारती चिखलात ठोकलेल्या लाकडी खुंटांवर कित्येक शतके उभ्या आहेत त्या यामुळेच. आपल्याकडे हे पाहायला पैनगंगेकाठच्या एखाद्या शेताचे जुने कुंपण पुरे. खुंट उपटून पाहावा. वरचा भाग उन्हाने करडा पडलेला पण टणक, खोल गेलेले टोक बऱ्याचदा बरे, आणि जमिनीलगतचा वीतभर भाग मात्र भुसभुशीत. पाऊस वरच्या भागावर जास्त पडलेला असतो, तरी तो टिकतो, कारण सर थांबली की वारा त्याला वाळवतो. जमिनीलगत ओल महिनोन्महिने राहते आणि हवाही मिळते.

दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मराठवाड्यात ओलीची एवढी चर्चा कशाला, असे कोणी विचारील. नांदेड जिल्ह्यात वर्षाला सरासरी आठ-नऊशे मिलिमीटर पाऊस होतो, त्यातला बहुतेक चार महिन्यांत. आणि त्याच्या आधीच्या मे महिन्यात पारा 43 अंशांच्या पुढे गेलेला असतो. लाकडाचे हाल होतात ते या हेलकाव्याने. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, पण आडव्या अंगाने आटते आणि फुगते. सागवान त्यातल्या त्यात कमी हलणारे, तरीही मे महिन्यात फळ्यांमधल्या फटी रुंदावतात आणि चौकटीचे जोड उघडतात. वर बसलेला रंगाचा थर एवढा हलू शकत नाही. कडक उन्हाने तो आधीच ठिसूळ झालेला असतो, जोडावर त्याला केसभर चीर पडते, आणि वळवाचे पहिले पाणी त्या चिरेतून आत उतरते. लाकूड म्हणजे मुळात बारीक नळ्यांची जुडी. आडव्या कापलेल्या तोंडाने ते बाजूच्या अंगापेक्षा कितीतरी पट वेगाने पाणी ओढते, आणि चौकटीच्या जोडात, दाराच्या तळाशी ही तोंडेच असतात. आत शिरताना पाणी चिरेतून धारेने शिरते. बाहेर पडताना त्याला जाड थरातून वाफ होऊन निघायचे असते, ते त्याला जमत नाही. शेजारचे बिनरंगाचे फळकूट दुपारच्या उघडिपीत वाळते, रंगवलेली चौकट आतून दिवाळीपर्यंत ओली राहते. याचा अर्थ रंग वाईट असा नव्हे. ऊन अडवण्यात रंगाचा हात धरणारे दुसरे काही नाही, आणि दार सर्व बाजूंनी रंगवून चिरा वेळच्या वेळी बुजवल्या तर ते उत्तम टिकते. पण दार बिजागरीवरून उतरवून त्याच्या बुडाला रंग लावलेला कितीशा घरांत आढळेल?

मराठवाड्यातल्या जुन्या बांधकामात हाच प्रश्न छपराच्या रूपाने आला होता, आणि तिथली कहाणी गंभीर आहे. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या भागांत माळवदाची घरे होती: लाकडी खांब, त्यांवर तुळया, वर आडवी लाकडे आणि फळ्या, आणि सर्वांवर मातीचा थर. ही माती उन्हाळ्यात घर थंड ठेवते आणि पावसात फुगून आपोआप चिरा बुजवते, हे तिचे गुण खरेच मोठे. मात्र दरवर्षी थोडी वाहून जाते आणि कुठेतरी गळू लागते. गळती लागली की उपाय एकच: पावसाळ्याआधी आणखी माती टाका. पिढ्यान् पिढ्या असे करत काही घरांवरचा थर दोन-अडीच फुटांपर्यंत गेला. दोन फूट मातीचे वजन दर चौरस मीटरला साधारण एक टन भरते. इतकी जाड माती एकदा भिजली की लवकर वाळत नाही, आणि भिंतीच्या पोटात गेलेली तुळयांची टोके त्या ओलीत राहतात. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, जवळपास आठ हजार माणसे गेली. त्याचे सगळे खापर माळवदावर फोडणे चूक आहे. चिखलात रचलेल्या, एकमेकांत न गुंतलेल्या दगडांच्या जाड भिंती हे मोठे कारण होते. उलट कित्येक घरांत भिंती पडल्या आणि खणाचा लाकडी सांगाडा उभा राहिला. पण डोक्यावरचा तो भार पाणी अडवण्याच्या हिशेबानेच वर्षावर्षाला वाढला होता. नंतर अशा घरांच्या मजबुतीसाठी अभियंत्यांनी दिलेल्या सल्ल्यात छपराची माती कमी करून मधे प्लास्टिकचा जाड कागद घालणे होते.

प्लास्टिक घालणे म्हणजे पाणी अडवणेच की, हा आक्षेप इथे रास्त आहे. फरक जागेचा आहे. कागद लाकडाच्या वर असतो, उताराने पाणी पन्हाळीकडे जाते, आणि खालून तुळई खोलीच्या हवेला उघडी राहते. चुकून ओल झिरपली तरी ती खालच्या अंगाने सुटते. तोच कागद तुळईभोवती गुंडाळला असता तर ती आतल्या आत सडली असती. म्हणजे छप्पर हवे, कातडे नको. कार्ल्याच्या चैत्यगृहात छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षे टिकल्या आहेत. त्यांच्यावर डोंगर आहे आणि खाली मोकळी हवा. हा पुरावा फार सोयीचा आहे असे वाटत असेल तर नॉर्वेकडे पाहावे, जिथे लेण्याचा आसरा नाही आणि पाऊस-बर्फाला तोटा नाही. तिथल्या पहिल्या लाकडी चर्चचे खांब जमिनीत पुरलेले असत; त्यांतली आज फक्त खड्ड्यांच्या खुणांवरून ओळखू येतात. पुढच्या पिढीने खांब जमिनीतून उचलून दगडी पायावरच्या आडव्या तुळयांवर ठेवले, आणि साधारण 1180 च्या सुमाराचे बोर्गुंडचे चर्च आजही उभे आहे. त्याला डांबराचा हात नेमाने दिला जातो हे खरे, पण डांबर तर पुरलेल्या खांबांनाही लावता आले असते. आपल्या वाड्यांतल्या खांबाखालचा दगडी तळखडा हेच काम करतो. नव्या घरात तो जातो, चौकटीचे पाय थेट फरशीत रोवून सिमेंटने पक्के केले जातात, आणि कुजायची जागा घर बांधतानाच ठरते.

सागवानाला कशाचीच गरज नाही, ही समजूत किनवटच्या जंगलाशेजारी असणाऱ्या या भागात जरा जास्तच घट्ट आहे. ती अर्धी खरी आहे. सागाच्या गाभ्यात तेलकट द्रव्ये असतात, ती वाळवीला आणि बुरशीला नकोशी असतात. पण कडेच्या पांढऱ्या लाकडात ती नसतात, आणि कोवळ्या झाडात हे पांढरे लाकूड जास्त निघते. चौकटीच्या एका कोपऱ्यात पांढरी पट्टी सुटली असेल तर कुजण्याची सुरुवात तिथूनच होणार. वाळवीबद्दलचा आक्षेप मात्र पूर्ण मान्य करायला हवा: मातीतून चढणारी वाळवी स्वतःची ओल सोबत आणते, तिला नुसत्या वाळण्याने आवरता येत नाही. तिथे औषधच लागते. यातले जगभर सर्वाधिक वापरले गेलेले औषध भारतातले आहे. तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण सोन्ती कामेसन यांनी डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत 1933 साली सिद्ध केले. दाबाखाली ते लाकडात मुरवतात. विजेच्या खांबांपासून कुंपणापर्यंत सगळीकडे ते गेले, आणि पुढे आर्सेनिकच्या धास्तीने अमेरिकेत 2003 नंतर घरगुती लाकडासाठी त्याचा वापर बहुतांशी थांबला. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड माणसाला त्यामानाने निर्धोक, पण उघड्यावर ते पावसाने धुऊन जातात. छपराखालच्या लाकडालाच ते ठीक.

मग उघड्या दाराला लावावे काय? माझे मत तेलाच्या बाजूने आहे, आणि तेल फार पाणी अडवते म्हणून नव्हे. जवसाचे तेल हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन लाकडात घट्ट होते, जाड पापुद्रा धरत नाही, आत गेलेल्या ओलीला बाहेर पडू देते. करडईचे पारंपरिक तेलही वाळणाऱ्या तेलांतच मोडते, फक्त सावकाश वाळते. करडईच्या या मुलखात ते परके नाही. शेंगदाण्याचे तेल वाळत नाही, चिकट राहून धूळ धरते. गॅरेजमधले काळे तेल फुकट मिळते म्हणून गाड्यांना, खुंटांना सर्रास फासतात; तेही वाळत नाही, हाताला लागते आणि त्यात घातक धातूंचे अंश असतात, म्हणून घराच्या दाराला तर नकोच. तेलाचे दोषही आहेत. ते ऊन अडवत नाही, त्यामुळे लाकूड करडे पडते. जाड थर दिला तर पावसाळ्यात त्यावर काळी बुरशी धरते. आणि दरवर्षी-दोन वर्षांनी पुन्हा हात द्यावा लागतो. एवढे कोण करत बसणार, त्यापेक्षा लोखंड किंवा ॲल्युमिनियम बसवावे, असे म्हणणाऱ्याला खोडून काढता येत नाही. पश्चिमेच्या उघड्या भिंतीतल्या खिडकीला ॲल्युमिनियमच शहाणपणाचे. पण रंग उतरवायला चार दिवस खरवडणे लागते आणि तेलाचा नवा हात तासाभरात होतो, हेही त्याच हिशेबात धरावे.

हा हात एप्रिल-मेमध्ये द्यावा, लाकूड पुरते कोरडे असताना, सकाळच्या सावलीत. तेल थोडे टर्पेंटाइन घालून पातळ करावे, कापलेल्या तोंडांना आणि दाराच्या बुडाला ते पिणे थांबेपर्यंत पाजावे, आणि अर्ध्या तासाने वर उरलेले कोरड्या कापडाने पुसून काढावे. चौकटीचा पाय फरशीपासून बोटभर उचललेला असेल आणि वर दीड-दोन फुटांचा छज्जा असेल तर तेलाचे काम निम्मे हलके होते. पुसलेल्या चिंध्या मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना तापते आणि असा बोळा काडी न लावता पेटू शकतो. त्या पाण्यात बुडवाव्यात किंवा उघड्यावर पसरून वाळू द्याव्यात.