टोपाला पडलेला पोचा

लोणावळ्याच्या शाखेत मी २००४ साली रुजू झालो, तेव्हा दारात दुनळी बंदूक घेऊन उभे राहणारे आमचे गनमन मावळातलेच होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. सारी शाखा त्यांना ‘हवालदार’ म्हणे. लोणावळ्याचा पाऊस काउंटरपर्यंत आत येई, नोटा दमट होत, पासबुकांची पाने एकमेकांना चिकटत; पण हवालदारांच्या बुटांची चमक काही उतरत नसे.

अशाच एका पावसाळी दुपारी, गिऱ्हाईक नसताना, त्यांनी मला काश्मीरमधली गोष्ट सांगितली होती. नव्वदीच्या दशकात तिथे जवानांच्या डोक्याला ‘पटका’ असे. कपाळावर आणि मागे पोलादी पत्रा, वरचा माथा उघडा. वजन अडीच किलोच्या घरात. दिवसभर घालून मान धरे. एका चकमकीत काहीतरी येऊन त्यांच्या पटक्यावर आदळले. “टण्ण आवाज झाला सायेब, आन् म्होरं अंधार.” शुद्धीवर आले तेव्हा कपाळावर टेंगूळ होते. तीन दिवस उलट्या झाल्या. पटका बघितला तर पत्र्याला पोचा पडलेला. “त्यो पोचा माज्या कवटीला पडायचा, तो पत्र्याला पडला,” एवढे बोलून ते दाराशी गेले.

गेल्या महिन्यात हेच हवालदार तळेगावला माझ्या घरी आले. मुलीचा मुलगा अग्निवीर म्हणून भरती झाला आहे. चहा झाला, पेढा झाला आणि मग त्यांनी विचारले, “सायेब, तुम्ही लिव्हणारं मानूस. येवढं बघून सांगा. आताचा टोप गोळी अडवतो का न्हाई?”

प्रश्न सोपा वाटला. वाचायला बसलो तेव्हा कळले की नाही.

खरे तर हा प्रश्न आपल्याला नवा नाही. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली शिवाजीमहाराज अफझलखानाला भेटले, ते अंगरख्याखाली चिलखत आणि मंदिलाखाली पोलादी टोप घालूनच. सय्यद बंडाच्या वाराने पगडी चिरली गेली आणि आतल्या टोपाला पोचा पडला, असे जदुनाथ सरकारांनी लिहिले आहे. म्हणजे तोच पोचा! तलवारीचे हे झाले. पुढचे युग तोफाबंदुकांचे. १७७९ च्या जानेवारीत पुण्यावर चालून आलेला कॅप्टन स्ट्युअर्ट, आपला ‘इष्टुर फाकडा’, कार्ल्याजवळ मराठ्यांच्या माऱ्यात पडला. त्याचे स्मारक वडगाव मावळात आहे. त्या काळच्या पोलादाला गोळीपुढे फारसा इलाज नव्हता, आणि पुढे शंभर-सव्वाशे वर्षे सैनिक कापडाच्या टोप्या घालूनच लढत राहिले.

१९१५ साली पहिल्या महायुद्धात फ्रेंचांनी आणि इंग्रजांनी पोलादी हेल्मेट आणले. ते बंदुकीच्या गोळीसाठी नव्हतेच. आकाशात फुटणाऱ्या तोफगोळ्यांच्या ठिकऱ्या खंदकातल्या डोक्यांवर पडत, त्यांच्यासाठी होते. १९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक या अमेरिकन बाईंच्या संशोधनातून केव्हलारचा धागा निघाला आणि ऐंशीच्या दशकात त्याची हेल्मेटे झाली. ती पिस्तुलाची गोळीही अडवू लागली. पण पिस्तुलाचीच! नऊ मिलिमीटरची पिस्तुलाची गोळी साधारण आठ ग्रॅमची, सेकंदाला चारशे मीटरच्या आसपास वेगाने जाणारी. एके-४७ ची गोळीही जवळपास तेवढ्याच वजनाची, पण वेग सातशे मीटरचा. वेग पावणेदोनपट झाला की शक्ती तिपटीच्या घरात जाते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री हेमंत करकरे हेल्मेट आणि जाकीट चढवताना महाराष्ट्राने दूरचित्रवाणीवर पाहिले. त्यानंतर हवालदारांचा हाच प्रश्न घराघरांत विचारला गेला होता.

हेल्मेट तपासतात कसे? पोकळ धातूच्या डोक्यात विशिष्ट प्रकारची चिकणमाती भरतात. ती ठरावीक तापमानाला आणतात, वजन टाकून किती दबते ते पाहतात. मग त्या डोक्यावर हेल्मेट चढवून काही मीटरवरून, घट्ट बसवलेल्या नळीतून गोळी झाडतात. वाटेतले प्रकाशाचे पडदे तिचा वेग टिपतात. पुढे, मागे, दोन्ही बाजूंना आणि माथ्यावर अशा पाच गोळ्या. काही हेल्मेटे त्याआधी भाजून काढतात, काही गोठवतात, काही खाऱ्या पाण्यात बुडवतात. आपल्याकडे अशा गोळीबाराच्या चाचण्या करणारी डीआरडीओची प्रयोगशाळा चंडीगढला आहे.

गोळी आरपार गेली तर हेल्मेट नापास, हे उघड आहे. पण गोळी अडली तरी काम संपत नाही. केव्हलार आतल्या बाजूला फुगते आणि मातीत खळगा पडतो. अमेरिकी लष्कराच्या नियमात हा खळगा पुढे-मागे २५.४ मिलिमीटर आणि बाजूंना १६ मिलिमीटरच्या आत हवा. सिनेमात गोळीच्या धक्क्याने माणूस उडून पडतो, ते खोटे. आठ ग्रॅमची गोळी पाच-सहा किलोच्या डोक्याला आणि टोपाला मिळून फारसे ढकलू शकत नाही. धोका त्या आतल्या फुगवट्याचा आहे. आणि २०१४ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने स्पष्टच लिहिले, की या मिलिमीटरांचा आणि मेंदूच्या इजेचा शास्त्रीय संबंध कोणी सिद्ध केलेला नाही. हवालदारांच्या तीन दिवसांच्या उलट्या मातीच्या डोक्याला कशा होणार?

याच अहवालात मला माझ्या ओळखीचे काहीतरी सापडले. बँकेत तीस वर्षे मी नमुना तपासणी केली. सगळी व्हाउचरे कोणी तपासू शकत नाही. काही काढायची आणि त्यांवरून बाकीच्यांचा अंदाज बांधायचा. हेल्मेटचेही तसेच. तपासलेले हेल्मेट संपलेच. जवानाच्या डोक्यावर जाते ते न तपासलेले! पूर्वी तिकडे एकूण २० गोळ्या झाडत; एकही आरपार चालत नसे. २०१२ च्या सुमारास नियम बदलला: ४८ हेल्मेटांवर २४० गोळ्या, त्यांत १७ पर्यंत आरपार गेल्या तरी पास. दोन्हींचा उद्देश एकच, की किमान नव्वद टक्के गोळ्या अडतील याची नव्वद टक्के खात्री. कागद-पेन्सिल घेऊन मी हिशेब केला. समजा शंभरातल्या पाच गोळ्या आरपार जाऊ देणारे हेल्मेट आहे. जुन्या नियमाने ते शंभरात ३६ वेळाच पास झाले असते. नव्या नियमाने नव्वदांहून अधिक वेळा होते. प्रत्यक्षातली हेल्मेटे याहून कितीतरी चांगली होती. समितीची भीती हीच, की सैल नियम बघून उद्या कारखानदारही सैल होतील.

आणि नमुना काढणारा हात प्रामाणिक नसेल तर हिशेबाचे काय? २०१६ मध्ये अमेरिकी न्यायखात्याची चौकशी जाहीर झाली. टेक्सासमधल्या एका तुरुंगाच्या कारखान्यात बनलेल्या हेल्मेटांत सदोष माल निघाला होता. तपासणीसाठी हेल्मेटे आधीच निवडून ठेवली जात होती. सव्वा लाखाहून अधिक हेल्मेटे परत मागवावी लागली. तपासनीस यायच्या आदल्या दिवशी कोणत्या फायली टेबलावर ठेवायच्या, हे आम्हा बँकवाल्यांना कोणी शिकवायला नको.

आपल्या लष्करासाठी १ लाख ५८ हजार नव्या हेल्मेटांचा करार २०१७ च्या सुमारास कानपूरच्या कंपनीशी झाला. जवळून झाडलेली नऊ मिलिमीटरची गोळी अडवणारी ही हेल्मेटे. पटक्याच्या मानाने हा फार मोठा पल्ला आहे.

रविवारी मी हवालदारांच्या गावी गेलो. विसापूर ढगात होता, भातखाचरांत पाणी उभे होते. म्हटले, “हवालदार, टोप ठिकऱ्या अडवतो, पिस्तुलाची गोळी अडवतो. रायफलची समोरून आली तर भरवसा देता येत नाही. तेवढा जाड केला तर पोराची मान टिकायची नाही.”

ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हंजे आमच्यापेक्षा बरं हाय. पर समदं न्हाई.”

“सगळे नाही. पण आतल्या गाद्या नीट बसवायला सांगा. आणि हनुवटीची पट्टी आवळायला सांगा. टोप डोक्यावर असला तरच काम करतो.”

त्यांनी तिथेच नातवाला फोन लावला आणि पट्टीचे दोनदा बजावले. मला पोहोचवायला बाहेर आले, मोटरसायकल काढली. नातवाने घेऊन दिलेले हेल्मेट आरशाला लटकत होते. मी काही बोललो नाही, नुसता बघत राहिलो. हवालदारांनी ते काढले, डोक्यावर चढवले आणि पट्टी लावता लावता म्हणाले, “चला सायेब, हायवेपातुर सोडतो.”