चार बिटांतलं कापड

भिवंडीच्या यंत्रमागांवर साध्या विणीचं ग्रे, म्हणजे कोरं, कापड रात्रंदिवस निघत असतं. अशा एका कापडाचा हिशेब मांडू या. समजा, ताण्यात 2,400 उभे धागे आहेत आणि इंचाला 60 पिक, म्हणजे 60 आडवे धागे पडतात. मग एक मीटर कापडात उभे-आडवे धागे 56 लाखांहून अधिक ठिकाणी एकमेकांना ओलांडतात. अशा प्रत्येक ठिकाणी संगणकाला एकच गोष्ट नोंदवायची असते: उभा धागा वर आहे की खाली. वर असेल तर 1, खाली असेल तर 0. असा एक आकडा म्हणजे एक बिट, आठ बिटांचा एक बाइट. सगळं लिहून काढलं तर सुमारे 7 लाख बाइट लागतील. पण साध्या विणीत दोन उभे आणि दोन आडवे धागे झाले की तोच क्रम पुन्हा सुरू होतो. तेव्हा चार बिट लिहायचे आणि सांगायचं, ‘हा चौकोन रुंदीत 1,200 वेळा, लांबीत 1,181 वेळा मांडा.’ संपलं काम. एकही धागा इकडचा तिकडे न होता 7 लाख बाइट बोटांवर मोजण्याइतक्या बाइटांत बसतात.

फाइल लहान करण्याच्या बहुतेक युक्त्यांच्या मुळाशी हीच गोष्ट आहे: पुन्हा पुन्हा येणारं हुडकायचं आणि एकदाच लिहायचं. ज्यात काहीच पुन्हा येत नाही ते आक्रसत नाही. 1839 साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात जोसेफ मारी जाकार याची तसबीर रेशमात विणली गेली. त्याच्याच नावाच्या जॅकार्ड मागावर. त्यासाठी भोकं पाडलेली सुमारे 24,000 कार्डं लागली. माणसाच्या चेहऱ्यात साध्या विणीसारखी पुनरावृत्ती कुठून असणार?

मजकुरात ती भरपूर असते, फक्त ठरावीक अंतरावर नसते. इस्रायलमधल्या टेक्निऑन संस्थेचे अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी 1977 साली त्यावर तोड काढली. आलेला मजकूर लक्षात ठेवायचा आणि तोच तुकडा पुन्हा आला की तो न लिहिता ‘इतकं मागे जा, तिथून इतकी अक्षरं उचल’ असं लिहायचं. झिप फाइल याच पद्धतीने चालते. तिची नेहमीची रीत मागची 32,768 बाइट नजरेसमोर ठेवते. त्यावर दुसरा हात फिरतो तो डेव्हिड हफमन यांच्या 1952 सालच्या पद्धतीचा: जे चिन्ह वारंवार येतं त्याला आखूड संकेत, क्वचित येणाऱ्याला लांब.

मराठी वाचकाने इथे थोडं थांबायला हवं. युनिकोडच्या सर्वाधिक रूढ साठवणीत, यूटीएफ-8मध्ये, रोमन अक्षराला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. आणि काना, वेलांटी, अनुस्वार हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. ‘भिवंडी’ हा शब्द त्यामुळे 18 बाइट घेतो, रोमन लिपीत तोच 8 बाइटांत मावतो. पण त्या तीन बाइटांतला पहिला बाइट देवनागरीत कायम एकच असतो आणि दुसरा दोनांपैकी एक. झिपला असा ठरलेला भाग ताबडतोब सापडतो, म्हणून मराठी मजकूर झिप केल्यावर हा जादा भार बराचसा उतरतो. मराठी ग्रंथांचे डिजिटल साठे उभारणाऱ्यांना आपली लिपी ‘जड’ आहे म्हणून कचरण्याचं कारण नाही.

फोटोचं गणित निराळं. तिथे सगळं राखायचं म्हटलं तर फार काही वाचत नाही, म्हणून डोळ्याला जे जाणवत नाही ते टाकून द्यायचं. जेपेग पद्धत चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन करते, त्यातले सावकाश बदल आणि बारीक खळबळ वेगवेगळी मोजते आणि बारीक खळबळीवर कात्री चालवते. हे मोजमाप ज्या गणिताने होतं ते बेंगळुरूत जन्मलेल्या नासिर अहमद यांच्या कल्पनेतून आलं. 1972 साली त्यांनी त्यासाठी अमेरिकेत अनुदान मागितलं, ते नाकारलं गेलं, तरी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह त्यांनी 1974 मध्ये निबंध छापला. आज जगातले अगणित फोटो त्या गणितातून जातात. शाळेच्या पुस्तकात हे नाव असायला हवं.

जेपेग डोळ्यासाठी आहे, मागासाठी नाही. संगणकावर केलेल्या जॅकार्डच्या डिझाइनमध्ये एक ठिपका म्हणजे धाग्यांची एक जागा आणि प्रत्येक रंग म्हणजे एक ठरलेली वीण. रंग मोजके, सात-आठ. अशी फाइल फोटो म्हणून व्हॉट्सॲपवर पाठवली की ती जेपेग होते, कडांपाशी मधल्याच छटा उगवतात आणि आठ रंगांचे शेकडो होतात. मोठं डिझाइन असेल तर ठिपकेही कमी होतात, म्हणजे धाग्यांचा मेळ गेला. पडद्यावर फूल फुलासारखंच दिसतं, मागाला मात्र त्या नव्या छटांची वीण ठाऊक नसते. म्हणून डिझाइन बीएमपी किंवा पीएनजी ठेवावं आणि पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं. बीएमपी झिप केली तर ती कमालीची लहान होते, कारण एकाच रंगाचे लांब पट्टे आणि फिरून येणारी बुट्टी हेच तर झिपला हवं असतं.

भिवंडीलगतच्या मानकोली, राहनाळ, काल्हेरकडच्या गोदामांत कागद स्कॅन करणाऱ्यांनाही सगळं राखणारी आणि काही टाकणारी पद्धत यांतला फरक माहीत असावा. 2013 साली जर्मन संगणकतज्ज्ञ डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं की झेरॉक्स कंपनीची काही यंत्रं स्कॅन करताना आकडे बदलत होती. 6 च्या जागी 8 छापला जात होता. यंत्रं सारखी दिसणारी अक्षरं एकदाच साठवत आणि सगळीकडे तोच छाप वापरत. साध्या विणीला लावलेलीच युक्ती, फक्त ‘अगदी तेच’ऐवजी ‘जवळपास तेच’ यावर समाधान मानलेलं. धूसर अक्षर असतं तर माणसाला शंका आली असती. इथे चुकीचा आकडा स्वच्छ, ठसठशीत उमटत होता. चलन काळ्या-पांढऱ्यात स्कॅन करायचं असेल तर फॅक्ससाठी तयार झालेली ‘ग्रुप 4’ पद्धत अजूनही उत्तम: लगतच्या दोन ओळींतला फरक तेवढा ती नोंदवते, फाइल लहान होते आणि स्कॅन झालेला एकही ठिपका बदलत नाही.