हौसेच्या शेतीचे वर्ष



शहरात राहून नोकरी अगर धंदा करणाऱ्या पुष्कळ माणसांच्या मनात शेताचा एक लहानसा तुकडा दडलेला असतो. कोणाच्या वाट्याला वडिलोपार्जित जमिनीतले दहा-वीस गुंठे आलेले असतात, कोणी नातेवाइकांच्या शेताचा कोपरा कसावयास घेतो. ज्याच्या पोटाची काळजी त्या जमिनीवर अवलंबून नाही, अशा माणसाच्या शेतीला आपण ‘हौसेची शेती’ म्हणू. हौस हा काही हिणवण्याचा शब्द नव्हे. पण एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावयास हवी. हौस माणसाला असते, झाडाला नसते. आपण रविवारी जातो म्हणून झाड सोमवार ते शनिवार तहान आवरून बसत नाही.

अशा शेतीची नेहमीची कहाणी सर्वांना ठाऊक आहे. मृगाचा पाऊस पडतो, रोपवाटिकेतून आंब्याची कलमे आणली जातात, दिवाळीपर्यंत ती छान टवटवीत दिसतात; आणि पुढच्या चैत्रात निम्मी वाळून जातात. मग कलमाला, मातीला किंवा राखणदाराला दोष दिला जातो. वास्तविक ते कलम जूनमध्ये कसे लावले यापेक्षा एप्रिलमध्ये त्याला पाणी मिळाले की नाही, यावर त्याचे जगणे ठरलेले असते. म्हणून हौशी शेतकऱ्याचे वर्ष मृगापासून सुरू होत नाही. ते आता, या वसंत ऋतूत सुरू होते.

प्रथम थोडे गणित मांडू. चाळीस गुंठ्यांचा एक एकर. आपण दहा गुंठेच धरू. प्रयोग परिवाराचे श्री. अ. दाभोळकर यांनी हाच दहा गुंठ्यांचा माप घेऊन एका कुटुंबाच्या पोषणाचा विचार मांडला होता. दहा गुंठे म्हणजे सुमारे 1,000 चौरस मीटर. पुणे शहराच्या परिसरात वर्षाला सरासरी सुमारे 700 मिलिमीटर पाऊस पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा आपल्या दहा गुंठ्यांवर वर्षाकाठी सात लाख लिटर पाणी पडते. मावळात ते याच्या कितीतरी पट, दौंड-बारामतीकडे बरेच कमी.

आता खर्चाची बाजू पाहा. दहा मीटर अंतर राखले तर या जागेत आंब्याची दहा झाडे बसतात. लहान झाडाला आठवड्यातून दोनदा वीस वीस लिटर पाणी घातले, तर दहा झाडांना आठवड्याला चारशे लिटर, म्हणजे मोठी दोन पिंपे लागतील. नोव्हेंबर ते मे हे तीस आठवडे धरले, तर बारा हजार लिटर झाले. जेथे सात लाख लिटर आकाशातून पडते, तेथे बारा हजारांवाचून झाडे मरतात! शेकडा दोनसुद्धा नाही हे प्रमाण.

हे पाणी साठवण्यास मोठे धरण नको. शेतावर अवजारे ठेवण्यास आणि बसण्यास एक खोपटे बहुधा बांधतातच. त्याचे पत्र्याचे छप्पर पंचवीस चौरस मीटरचे असले, तर त्यावर वर्षाला साडेसतरा हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी चौदा हजार उरते. तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर खोल अशी टाकी बारा हजार लिटरची होते. मात्र ती झाकलेली हवी, एरवी उन्हाळ्यात बरेच पाणी हवेतच उडून जाईल.

“एवढी यातायात कशाला? कूपनलिका घ्यावी की!” असे कोणी म्हणेल. येथे प्रश्न केवळ आपल्या झाडांचा राहत नाही. दख्खनचा खडक काळ्या पाषाणाचा आहे. त्याच्या पोटात पाण्याचा समुद्र नाही; वरच्या झिजलेल्या मुरुमात आणि भेगांत साठेल तेवढेच पाणी. ते बांधाने विभागले जात नाही. आपण हौसेसाठी उपसलेले पाणी हे शेजाऱ्याच्या विहिरीतले, म्हणजे त्याच्या पोटाचे असू शकते. हौशी माणसाने गावात जावयाचे ते गावाचे पाणी वाढवण्यास. निदान ते कमी करण्यास तरी नव्हे.

आता वर्षाचा क्रम पाहू. चैत्र-वैशाखात टाकी बांधावी, उताराला आडवे बांध घालावेत आणि एक मीटर लांब, रुंद व खोल असे खड्डे खणून उन्हात तापू द्यावेत. मेअखेर रोहिणी लागते. तेव्हा वरची चांगली माती आणि कुजलेले शेणखत यांनी ते भरावेत. 7-8 जूनला मृग निघतो. पण पहिल्या सरीला भुलून कलम लावू नये. जमीन खोलवर भिजल्यावर, आर्द्रा-पुनर्वसूत लावावे. जोड मातीच्या वर राहील असे पाहावे, आधाराला काठी द्यावी. मोकळ्या जागेत ताग पेरावा आणि फुलावर येताच, सुमारे दीड महिन्याने, जमिनीत गाडावा. कुंपणाला गिरिपुष्पाच्या फांद्या याच दिवसांत लावाव्यात. रब्बी निघाल्यावर गावची गुरे मोकळी सुटतात, तेव्हा कुंपणाची किंमत कळते.

श्रावण-भाद्रपदात तण फार माजते. ते उपटून फेकू नये. त्याचे खत करावे. पालापाचोळा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि राख यांचे थर रचून ते अधूनमधून उलथण्याची ‘इंदूर पद्धत’ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरच्या संशोधन संस्थेत बसवली. 1931 साली प्रसिद्ध झालेल्या त्यावरील ग्रंथाचे सहलेखक यशवंत वाड हे होते. सुमारे तीन महिन्यांत खत तयार होते, म्हणजे नेमके रब्बीच्या वेळी हाती येते.

हस्ताचा पाऊस ओसरला की ओलीवर हरभरा पेरावा. त्याच्या मुळांवरील गाठी हवेतला नत्र जमिनीत आणतात. झाडांभोवती आता आळी करावीत, आणि पाऊस संपताच त्यांवर गवताचे वीतभर जाड आच्छादन घालावे. बुडाशी बारीक छिद्राचे मडके पुरून, भरून, झाकून ठेवले, तर पाणी हळूहळू मुळाशी झिरपत राहते. रविवार ते रविवार गाठणाऱ्या माणसाचा तोच खरा गडी. माघात कोवळ्या कलमाला मोहोर आला तर पहिली तीन-चार वर्षे तो मन घट्ट करून खुडावा. भाजीचा वाफा होळीनंतर रिकामा ठेवावा. उन्हाळी भाजीइतके पाणी आपल्या टाकीत नाही, हे मान्य करावे.

अशा शेतातून श्रीमंती येणार नाही. पण पावसाचे माप, मातीची ओल आणि शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ यांचा परस्परसंबंध ज्याला कळला, तो शहरातला नळ सोडतानाही वेगळा विचार करील. ज्यांच्यापाशी असा तुकडा आहे त्यांनी येत्या रविवारी जाताना कलमे नेऊ नयेत. मोजपट्टी न्यावी आणि आधी छप्पर मोजावे. पावसाला अजून अवकाश आहे, तेवढ्यात टाकी होऊ शकते.